आधी चटई, मग दुर्बीण, कॅमेरा शेवटी

माण तालुक्यातल्या आमच्या घराला माळवद होतं. मे महिन्यात रात्री सगळी वरच झोपायची. आज्जी उत्तरेकडे हात करून सांगायची, "ती बघ म्हातारीची बाज. चार तारे म्हंजे बाजेचे चार खूर, अन् मागचे तीन म्हंजे बाज पळवायला आलेले चोर." मधल्या चोराच्या खांद्यावर एक बारीक ठिपका दिसतो का, हे ती दर उन्हाळ्यात विचारायची. दिसतो म्हटलं की तिचं समाधान व्हायचं, पोरीचे डोळे चांगलेत. पुढे शाळेत कळलं की बाज म्हणजे सप्तर्षी, मधला चोर म्हणजे वसिष्ठ आणि तो ठिपका म्हणजे अरुंधती.

आता मी पुण्यात राहते. दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं: "मुलाला आकाशाची आवड आहे, कुठली दुर्बीण घेऊ?" नाहीतर, "आकाशगंगेचा फोटो काढायचाय, कुठला कॅमेरा बरा?" दोन्हीची उत्तरं खाली आहेत, पण आधी डोळे, मग बायनॉक्युलर, मग दुर्बीण, मग कॅमेरा या क्रमाने. हा क्रम उलटा धरला की वर्षभरात दुर्बीण माळ्यावर जाते. माझी पहिली दुर्बीण तशीच गेली.

पहिला हंगाम: चटई आणि कॅलेंडर

दिवाळीनंतर सुरुवात करा. फटाक्यांचा धूर ओसरला की थंडीतलं आकाश चांगलं स्वच्छ मिळतं. लागतं काय? गच्ची, चटई, स्वेटर, एक वही आणि लाल उजेडाची बॅटरी. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबरबँडने लावला तरी पुरतो. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा पडदा एका सेकंदात ती मेहनत वाया घालवतो. म्हणून मोबाइल खाली ठेवून या. स्टेलॅरियमसारखं ॲप चांगलंच आहे, पण आधी आकाशात ओळखायचं, वहीत लिहायचं आणि खाली आल्यावर ॲपमध्ये पडताळायचं. ॲप हातात धरून बघणाऱ्याला ॲप पाठ होतं, आकाश पाठ होत नाही.

मराठी माणसाकडे आकाशाचा नकाशा आधीपासूनच आहे, फक्त तो भिंतीवर टांगलेला असतो. महिन्यांची नावं बघा. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांजवळ होते, मार्गशीर्षातली मृगशीर्षाजवळ, पौषातली पुष्याजवळ, माघातली मघेजवळ, चैत्रातली चित्रेजवळ. चंद्र रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे दररोज एक नक्षत्र. कॅलेंडरवर आजचं नक्षत्र बघायचं आणि गच्चीवर जाऊन चंद्राशेजारी कोणता तारा आहे ते बघायचं. महिनाभर एवढंच केलंत तर सत्तावीस नक्षत्रांचा निम्मा पट्टा ओळखीचा होईल. पौर्णिमेच्या आसपास बारीक तारे चंद्रप्रकाशात बुडतात. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा असे ठळक तारे मात्र तेव्हाही दिसतात.

यात एक गंमत आहे. शेतकरी ७ जूनच्या सुमारास म्हणतो, "मृग लागला." नवशिका त्या रात्री मृग शोधायला जातो आणि त्याला तो सापडत नाही. कारण मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला, आणि सूर्याशेजारचे तारे दिसणार कसे? आकाशातला मृग बघायचा तर जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. चार कोपऱ्यांत चार तारे, मध्ये एका ओळीत तीन. त्या तिघांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. तिकांड्याची रेघ खाली डावीकडे वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, लागतो. तीच रेघ वर उजवीकडे नेली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका.

इथे एक स्थानिक अडचण सांगून ठेवते. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की सप्तर्षी वर्षभर दिसतात. ते युरोपात खरं आहे. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर असतो: हात लांब करून धरलेल्या मुठीची उंची साधारण दहा अंश, म्हणजे दोन मुठींनाही किंचित कमी. थंडीच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. तेव्हा ध्रुव शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम अक्षर धरायचा. याच कमी अक्षांशाचा फायदा म्हणजे लंडनच्या माणसाला जन्मात न दिसणारा अगस्ती तारा आपल्याला फेब्रुवारीच्या संध्याकाळी दक्षिणेला सहज दिसतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्रिशंकूसुद्धा.

वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं, एवढंच लिहा. "रोहिणीपेक्षा काक्षी आज फिका" असं एखादं वाक्यही चालेल. २०१९ च्या अखेरीला मृगाच्या खांद्यावरचा काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, खरोखरच मंदावायला लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत तो नुसत्या डोळ्यांनाही ओळखू येईल इतका उतरला. नंतर कळलं की त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला होता. माझ्या वहीत जानेवारीतली तशी एक ओळ आहे. तेव्हा वाटलं होतं, माझ्याच चष्म्याचा नंबर वाढला असेल.

बायनॉक्युलर

तीन महिन्यांनी आवड टिकली तर १०×५० चा बायनॉक्युलर घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापेक्षा जास्त पट असलेला हातात स्थिर राहत नाही. "झूम" लिहिलेला तर अजिबात घेऊ नका. चटईवर आडवं पडून, कोपर छातीला टेकवून बघा, हलणं निम्म्याने कमी होतं.

पहिल्या रात्री कृत्तिका बघा. डोळ्यांना सहा दिसतात, बायनॉक्युलरमध्ये डझनावारी, निळसर, ओल्या वाटतील इतक्या चकचकीत. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, उत्तरेकडे बरीच उंच येते: एक फिकट, लांबट डाग. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. थेट रोखून न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, डाग ठळक होईल, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त संवेदनशील असतो. ही तिरक्या नजरेची सवय पुढे दुर्बिणीवर रोज लागणार आहे. मेमध्ये वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन तारकागुच्छ, मार्चमध्ये पुष्यातला मधमाश्यांचा पुंजका. गुरूजवळ बघितलंत तर एका रेषेत दोन-चार ठिपके दिसतील. ते १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिलेले चंद्र.

आणि हो, वसिष्ठ-अरुंधती. बायनॉक्युलरमध्ये चष्मेवाल्यांनाही आज्जीच्या परीक्षेत पास होता येतं.

दुर्बीण, आणि माझी चूक

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर "५२५ पट" असं लिहिलेलं होतं आणि शनीचं रंगीत चित्र होतं. आरसा ७६ मिलिमीटरचा. दुर्बिणीचा उपयोगी वर्धनांक, म्हणजे किती पट मोठं दिसतं तो आकडा, तिच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या फार तर दुप्पट असतो, म्हणजे तिच्यासाठी दीडशेच्या आसपास, तोही हवा अगदी स्थिर असेल तर. त्यात तिपाई अशी की श्वास सोडला तरी चंद्र थरथरायचा. आठ दिवसांत ती माळ्यावर गेली, आणि तीन वर्षं मला वाटत राहिलं की दोष माझाच आहे.

खरेदीचा नियम एकच: व्यास आणि स्टँड बघा, पट बघू नका. नवशिक्याला मी डोळे झाकून १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची, डॉब्सोनियन सांगते. आरशाची दुर्बीण, लाकडी पेटीसारख्या स्टँडवर बसवलेली, तोफेसारखी हाताने फिरवायची. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन डॉब्सन यांनी फुटपाथवर लोकांना आकाश दाखवण्यासाठी हा साधा प्रकार रूढ केला. किंमत एका बऱ्यापैकी स्मार्टफोनएवढी. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट. शनीची कडी ४८ पटीतही दिसतात. २०२५ मध्ये ती आपल्याला जवळजवळ कडेने दिसत होती, आता पुन्हा हळूहळू उघडताहेत.

वापरण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा. आरसा खोलीच्या तापमानाचा असला की नळीतल्या हवेत भोवरे उठतात आणि चित्र उकळल्यासारखं हलतं. आरशांची दिशा जुळवायला शिका. पहिल्यांदा तासभर लागतो, दहाव्यांदा दोन मिनिटं. मग वसिष्ठाकडे रोखा. अरुंधती दूर उभी असेलच, पण खुद्द वसिष्ठच फुटून दोन तारे झालेले दिसतील. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आज्जी जाऊन सहा वर्षं झाली होती. मधल्या चोराबरोबर आणखी एक चोर आहे, हे तिला सांगायचं राहिलं.

सूर्याबद्दल एकदाच आणि कडक शब्दांत: दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर प्रमाणित सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय सूर्याकडे दुर्बीण रोखायची नाही. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेला लावायचा छोटा काळा फिल्टर मिळतो. तो उष्णतेने तडकतो. तो आजच कचऱ्यात टाका.

विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघणं सर्वांत शहाणपणाचं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत, गोव्यातही हौशी मंडळींची वेधशाळा आहे. पुण्यातली खगोलसंशोधन संस्था आयुका आणि जुन्नरजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी दारं उघडतात. एका रात्रीत चार प्रकारच्या दुर्बिणींतून बघितलंत तर दुकानदाराच्या बोलण्याला भुलणार नाही.

काळोख शोधणं

शहरातून चंद्र, ग्रह, जोडतारे छान दिसतात. दीर्घिका आणि आकाशगंगा दिसत नाहीत. सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा प्रकाश गाळणारे फिल्टर थोडेफार चालायचे. पांढऱ्या एलईडीपुढे त्यांचं फारसं काही चालत नाही. गाडी काढून बाहेर पडणं हाच उपाय. विदर्भातल्यांचं नशीब थोर: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. बाकीच्यांनी पर्जन्यछायेतला पूर्व पट्टा धरावा. कोकणापेक्षा तिथली हवा कोरडी. ऊसतोडीनंतर पाचट जाळतात त्या दिवसांत मात्र धुराचा थर बसतो, तेव्हा आधी फोन करून विचारा.

चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणजे अमावस्येचा आठवडा. "अवसेच्या रात्री कुठं निघालीस गं?" हे सासूबाईंनी मला इतक्यांदा विचारलंय की आता त्याच कॅलेंडर बघून सांगतात, येत्या शनिवारी तुझी अवस आहे.

एकटं जाऊ नका. गावात संध्याकाळी उजेडी पोचा, शेतमालकाची परवानगी घ्या, पोलीस पाटलांना कळवा. रात्री दोनला लाल दिवे घेऊन शेतात फिरणारी अनोळखी माणसं गावाला चोर वाटतात, आणि यात गावाचं काही चुकत नाही. हिरवी लेझर फिरवू नका, विमानांना त्रास होतो आणि गावात अफवा उठते. जुन्नरच्या बाजूला ऊस आणि बिबटे शेजारी राहतात, तेव्हा उसाच्या कडेला चटई टाकायची नाही. बूट घालताना झटकून घाला. आणि रात्री दोन वाजता चुलीवरचा चहा देणाऱ्या घराला शनी दाखवल्याशिवाय निघू नका.

पहिला खरा फोटो: मृगाचं तिकांडं

चंद्राचा फोटो मोबाइल नेत्रिकेला टेकवून आजही काढता येईल, तो काढाच. मोबाइल तिपाईवर ठेवून, प्रो मोडमध्ये दहा-पंधरा सेकंदांचा फोटो घेतला तरी मृग उमटतो. पण मुळाक्षरं शिकायची असतील तर जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स. एवढ्यावर वर्षभर काम भागतं.

तिपाईचा मधला दांडा वर ओढू नका. खाली पिशवी अडकवा. लेन्सवरचा ऑटोफोकस बंद, कंपनरोधक असेल तर तोही बंद. आता सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याध आणा, पडदा दहा पट मोठा करा आणि फोकसची रिंग केसाएवढी इकडे-तिकडे फिरवा. तारा आधी भोपळ्यासारखा असतो, मग आवळ्याएवढा, मग मोहरीएवढा. मोहरीच्या पुढे गेलात की तो पुन्हा फुगायला लागतो, तेव्हा एक पाऊल मागे. लेन्सवरच्या अनंत चिन्हावर भरवसा ठेवू नका. रिंग जागेवर सापडली की कागदी चिकटपट्टीने बांधून टाका. मी हे एकदा केलं नव्हतं. नव्वद किलोमीटर गाडी चालवत गेले, बॅटरी बदलताना अंगठा रिंगला लागला, आणि घरी येऊन बघते तर दोनशे फोटोंतले तारे बोरांएवढे.

आता वेळ किती ठेवायचा? पृथ्वी फिरते, तारे सरकतात. ढोबळ नियम असा की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर आधी त्या मिलिमीटरला दीडने गुणायचं. अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरसाठी उत्तर साधारण साडेसहा सेकंद येतं, पण हा नियम सढळ आहे, आणि मृग खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या रेषेवर, असल्याने तिथले तारे सर्वांत जास्त पळतात. चारच सेकंद ठेवा. लेन्सचं छिद्र एफ २.२, संवेदनशीलता आयएसओ १६००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने काही न बदललेली). दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट लावून असे दीडशे फोटो घ्या. म्हणजे दहा मिनिटांचा प्रकाश. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर वीस-पंचवीस काळे फोटो घ्या. त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात आणि वजा करता येतात.

दीडशे कशाला? प्रत्येक फोटोत वेगळी खर (दाणेदार डाग) असते, तारे तेच असतात. एकावर एक रचून सरासरी काढली की खर फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते: सोळा फोटोंनी चौथा हिस्सा, एकशे चव्वेचाळीसने बारावा. रचायचं काम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकटात करतात. पहिल्यांदा निकाल काळाकुट्ट दिसतो, घाबरू नका. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, हळूहळू ताणत जा. तिकांड्याच्या खाली, मृगाच्या तलवारीत, गुलाबी पाकळी उघडल्यासारखा एम ४२ तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, वर येईल.

तो गुलाबी डोळ्यांना कधीच दिसत नाही. दुर्बिणीत एम ४२ राखाडी, फार तर हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखत नाही. घरच्यांना दुर्बीण दाखवण्याआधी फोटो दाखवू नका. मी दाखवले होते, आणि भाचा नेत्रिकेला डोळा लावून म्हणाला, "मावशी, हे बंद पडलंय का?"

आकाशगंगेसाठी १८ मिलिमीटरची लेन्स आणि एप्रिलचा मध्य. तिचा गाभा रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमारास दक्षिणेत सर्वांत उंच येतो. मे संपला की ढग.

ग्रहांची रीत उलटी: दुर्बिणीतून दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि हजारो चौकटींतल्या सर्वांत स्थिर तेवढ्या ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरने निवडून रचायच्या. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ जास्त लांबवला की त्याचे पट्टे पुसट होतात.

दुर्बिणीतून तेजोमेघ टिपायचे असतील तर ताऱ्यांमागे फिरणारा विषुववृत्तीय स्टँड लागतो. दुर्बिणीपेक्षा जास्त पैसे त्याच्यात घाला. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, आणि आपला ध्रुव एवढा खाली की समोर इमारत किंवा डोंगर असला की संपलं. जागा निवडतानाच उत्तर मोकळी आहे का ते बघा. हल्ली स्वतःच तारा शोधून स्वतःच फोटो रचणाऱ्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी निघाल्यात. शहरातल्या गच्चीवरूनही त्या झकास फोटो देतात, मी त्यांना नाक मुरडत नाही. फक्त तो फोटो आकाशात नेमका कुठला आहे, हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे.

पावसाळा

थंडीत दव आणि पावसाळ्यात बुरशी, हे लेन्सचे दोन शत्रू. दवासाठी लेन्सभोवती यूएसबीवर चालणारी गरम पट्टी बांधा. बुरशी एकदा काचेवर चढली की दुरुस्तीचा खर्च लेन्सएवढा होतो, कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून लेन्स आणि नेत्रिका ठेवा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा आणि पुन्हा वापरा.

मृग लागला की माझा डबा बंद होतो. चार महिने जुने फोटो नव्याने रचत बसते, वही चाळते. ऑक्टोबरात डबा उघडल्यावर पहिली रात्र लांब जाऊ नका. गच्चीवरच एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस जमतोय का, बॅटरी किती टिकते, काचेवर डाग आलाय का, एवढं बघून घ्या. चटईही उन्हात टाका, तिला कुबट वास आलेला असतो.